'अप' क्रियापदाचा, 'विथ' नामाचा

बैठकीच्या आदल्या संध्याकाळी एका सहकाऱ्याचा मेल आला. "आय हॅव टू बॅक आउट ऑव्ह टुमॉरोज रिव्ह्यू. कुड यू स्टँड इन फॉर मी?" त्यात एकही शब्द नवा नव्हता. बॅक म्हणजे मागे, आउट म्हणजे बाहेर, स्टँड म्हणजे उभं राहणं, इन म्हणजे आत, फॉर मी म्हणजे माझ्यासाठी. मी अर्थ लावला की उद्या तो जरा मागे मागे राहणार आहे आणि मी त्याच्या बाजूने बैठकीत असावं, त्याला आधार द्यावा. मी होकार कळवला आणि घरी गेले. दुसऱ्या दिवशी बैठक सुरू झाली तेव्हा तो आलाच नव्हता. सगळे माझ्याकडे बघत होते, कारण त्याच्या जागी मी बोलणार असं त्याने सर्वांना कळवलं होतं. माझ्याकडे त्याच्या कामाचा एक आकडाही नव्हता.

'बॅक आउट ऑव्ह' म्हणजे कबूल केलेल्या गोष्टीतून माघार घेणं. 'स्टँड इन फॉर' म्हणजे एखाद्याच्या जागी उभं राहून त्याचं काम करणं. त्याचं वाक्य अगदी सरळ होतं. ज्याला ही भाषा येते त्याला त्यात दुसरा अर्थ दिसलाच नसता. मला कोणी रागावलं नाही, पण एक गोष्ट मनाला फार लागली: शब्द न शिकल्यामुळे चूक झाली असती तर समजण्यासारखं होतं, इथे तर प्रत्येक शब्द मला पाचवी-सहावीपासून येत होता.

त्या रात्री वही काढली आणि छोटे शब्द जोडलेल्या अशा क्रियापदांची, म्हणजे इंग्रजीतल्या 'फ्रेजल व्हर्ब'ची, यादी करायला बसले. क्रियापदांनुसार पानं पाडली. 'गेट'च्या पानावर गेट अप, गेट ओव्हर, गेट बाय, गेट अवे, गेट अवे विथ, गेट ऑन विथ, गेट राउंड टू. 'पुट'च्या पानावर पुट ऑन, पुट ऑफ, पुट आउट, पुट डाऊन, पुट अप, पुट अप विथ. समोर मराठी अर्थ. रोज दहा पाठ करायचे, असे दोन महिने काढले. वही भरली, तोंडी परीक्षा घेतली असती तर मी उत्तीर्ण झाले असते. पण बोलायची वेळ आली की सगळं एकमेकांत मिसळायचं. 'सहन करणं' म्हणायचं असताना मी एकदा 'वुई कॅनॉट पुट ऑफ विथ धिस' असं लिहून मोकळी झाले. पुट ऑफ म्हणजे पुढे ढकलणं, पुट अप विथ म्हणजे सहन करणं, आणि मी लिहिलं होतं ते यांपैकी काहीच नव्हतं.

ही चूक मी बराच वेळ बघत बसले. 'पुट' बरोबर आठवला होता, 'विथ'ही आठवला होता. गळला होता तो मधला 'अप', आणि अर्थ होता तो नेमका त्याच्यात. मी अर्थ क्रियापदात शोधत होते आणि मागचे दोन शब्द शेपटासारखे वागवत होते. 'पुट', 'गेट', 'गो', 'कम', 'टेक' ही क्रियापदं अशा जोड्यांत जवळजवळ रिकामी भांडी असतात. काय भरायचं ते पुढचा शब्द ठरवतो. हे कळल्यावर माझी क्रियापदांनुसार लावलेली वही उलटीच लावली गेली आहे, हे दिसायला लागलं.

शाळेत हे का जाणवलं नाही, याचाही विचार केला. पाठ्यपुस्तकातून आपल्याकडे मुख्यतः लॅटिन-फ्रेंच घराण्यातले शब्द येतात: टॉलरेट, पोस्टपोन, इन्व्हेस्टिगेट, एक्स्टिंग्विश. एक क्रियापद, एक अर्थ, आणि बहुतेकांना जवळचा मराठी प्रतिशब्द. १०६६ साली फ्रान्समधल्या नॉर्मन लोकांनी इंग्लंड जिंकल्यावर दरबार, न्यायालय आणि विद्या यांत फ्रेंच-लॅटिन शब्दांचं वजन वाढलं. घरातली, रस्त्यावरची बोली मात्र जुन्या जर्मानिक, म्हणजे इंग्रजी आणि जर्मन ज्या कुळातल्या त्या कुळाच्या, शब्दांवरच चालत राहिली. म्हणून टॉलरेटच्या शेजारी पुट अप विथ, पोस्टपोनच्या शेजारी पुट ऑफ, इन्व्हेस्टिगेटच्या शेजारी लुक इन्टू, एक्स्टिंग्विशच्या शेजारी पुट आउट अशा जोड्या आजही आहेत. मी एका बाजूचे शब्द शिकले होते आणि माणसं माझ्याशी दुसऱ्या बाजूच्या शब्दांत बोलत होती.

वाट सापडली ती एका वेगळ्याच चुकीतून. मी मेलच्या शेवटी नेहमी 'लुकिंग फॉरवर्ड टू मीट यू' असं लिहायची. आमच्या विभागात एक ज्येष्ठ सहकारी होत्या, पूर्वी इंग्रजी शिकवलेल्या. आम्ही सगळे त्यांना ताई म्हणायचो. त्यांनी एकदा माझा मेल पाठवण्याआधी वाचला आणि 'मीट'वर बोट ठेवलं.

"इथे मीटिंग हवं."

"पण ताई, टू-नंतर मूळ क्रियापद येतं ना? वॉन्ट टू मीट, होप टू मीट."

"अगं, या टू-पुढे 'इट', म्हणजे 'ते', ठेवून बघ. लुकिंग फॉरवर्ड टू इट. चालतंय?"

"चालतंय."

"आता वॉन्ट टू इट म्हणून बघ."

नाही चाललं. 'वॉन्ट टू मीट'मधला टू पुढच्या क्रियापदाला चिकटलेला आहे, त्याला नाम नको असतं. 'लुक फॉरवर्ड टू'मधला टू खरोखरचा प्रीपोझिशन आहे, आपल्या '-कडे'सारखा. कशाकडे डोळे लागले आहेत, ते त्याला हवं असतं. तिथे नाम तरी येईल, नाही तर क्रियापदाचं नाम करून 'मीटिंग' यावं लागेल. 'गेट यूज्ड टू', 'ऑब्जेक्ट टू', 'गेट राउंड टू' या सगळ्यांना हीच कसोटी लागते. सवय होणं, हरकत घेणं, एखाद्या कामाला सवड होणं, या प्रत्येकात '-ची', '-ला' असं काहीतरी नामाला लागतंच.

त्या दुपारी ताईंनी आणखी एक वाक्य सांगितलं आणि माझ्या डोक्यातला गुंता सुटायला लागला तो तिथून. "तीन शब्दांचं क्रियापद एकदम गिळू नकोस. मधला शब्द क्रियापदाच्या घरचा आणि शेवटचा नामाच्या घरचा. नाम काढून घे, शेवटचा शब्द आपोआप जाईल."

मी करून बघितलं. 'वुई रॅन आउट ऑव्ह पेपर': आमच्याकडचा कागद संपला. आता काय संपलं ते सांगायचंच नाही: 'वुई रॅन आउट'. 'ऑव्ह' गेला, 'आउट' राहिला. 'कॅच अप विथ हर' म्हणजे तिला गाठणं. नुसतं 'यू गो अहेड, आय विल कॅच अप' म्हटलं तरी चालतं. 'विथ' गेला, 'अप' राहिला. 'कट डाऊन ऑन शुगर', आणि नुसतं 'यू शुड कट डाऊन'. 'बॅक आउट ऑव्ह द डील', आणि नुसतं 'ही बॅक्ड आउट'. प्रत्येक वेळी मधला शब्द क्रियापदाला धरून बसतो आणि शेवटचा नामाबरोबर येतो-जातो. माझ्या त्या मेलमध्येही हेच होतं. 'स्टँड इन' म्हणजे जागा भरून काढणं, आणि 'फॉर मी' म्हणजे कुणाची जागा ते. मी 'इन' सोडून दिला आणि 'फॉर मी'चा 'माझ्यासाठी' केला.

सगळेच असे सुटत नाहीत. 'पुट अप विथ'मधून 'विथ' काढला तर सहन करण्याचा अर्थच उडतो, 'लुक फॉरवर्ड'ही एकटा त्या अर्थाने उभा राहत नाही. असे शब्द मी वेगळ्या पानावर घेतले आणि ते मात्र अखंड पाठ केले. पण ते पान मला वाटलं होतं त्यापेक्षा खूपच लहान निघालं.

मग वही नव्याने लावली. या वेळी पानांची नावं होती अप, आउट, ऑफ, डाऊन, ओव्हर, थ्रू. क्रियापदं आत. 'आउट'च्या पानावर फाइंड आउट, वर्क आउट, फिगर आउट, पिक आउट, रायट आउट, ड्राइव्ह आउट असे शब्द एकाखाली एक आले आणि त्यांच्यासमोर मराठी लिहिताना माझा हात थांबला. शोधून काढणं. सोडवून काढणं. निवडून काढणं. लिहून काढणं. हुसकावून काढणं. प्रत्येकात 'काढणं'. आतलं बाहेर आणणं म्हणजे काढणं, आणि आउट म्हणजे बाहेर. इंग्रजीने जे काम मागच्या छोट्या शब्दावर सोपवलंय ते मराठीने दुसऱ्या क्रियापदावर सोपवलंय, एवढाच फरक. संयुक्त क्रियापदं आपण रात्रंदिवस वापरतो, पण ती अशी समोर येऊन उभी राहतील असं वाटलं नव्हतं.

'अप'च्या पानावर ईट अप, ड्रिंक अप, यूज अप, फिनिश अप आले. खाऊन टाक, पिऊन टाक, वापरून टाक, संपवून टाक. 'खा' आणि 'खाऊन टाक' यांत जो फरक, तोच 'ईट' आणि 'ईट अप' यांत: काही उरू द्यायचं नाही. आणि 'रायट'ची गंमत तर मी आजही कुणाला इंग्रजी शिकवताना पहिल्यांदा सांगते. रायट डाऊन म्हणजे लिहून ठेवणं, टेक डाऊन म्हणजे कुणी बोलत असताना लिहून घेणं, रायट आउट म्हणजे पूर्ण लिहून काढणं. मराठीत 'लिहून घे', 'लिहून दे', 'लिहून ठेव', 'लिहून काढ', 'लिहून टाक' या पाचांतला फरक कुठल्याही मराठी मुलाला कोणी शिकवलेला नसतो आणि कुणी त्यात चुकतही नाही. परक्या माणसाला ते समजावून सांगायचं म्हटलं तर आपल्यालाच घाम फुटेल. ही कसरत आपण रोज करतो हे कळल्यावर माझ्या मनातली इंग्रजीची ती एक भीती गेली.

'अप'च्या पानाचे पुढे तीन भाग पडले. एक संपवण्याचा, तो वर आलाच. दुसरा जवळ पोचण्याचा: कम अप टू, वॉक अप टू, कॅच अप विथ, कीप अप विथ. तिसरा अचानक समोर येण्याचा: टर्न अप, शो अप, क्रॉप अप. 'डाऊन'चेही असेच: कमी होण्याचा स्लो डाऊन, कट डाऊन, काम डाऊन, बंद पडण्याचा शट डाऊन, ब्रेक डाऊन, नोंदवून ठेवण्याचा रायट डाऊन, नोट डाऊन. मात्र ही विभागणी फार ताणू नये, हे लवकरच लक्षात आलं. अप आणि डाऊन दर वेळी एकमेकांच्या विरुद्ध नसतात. टर्न अप आणि टर्न डाऊन आवाजाच्या बाबतीत विरुद्ध आहेत, पण आलेला प्रस्ताव टर्न डाऊन केला, म्हणजे नाकारला, तर त्याच्या उलट टर्न अप होत नाही. अर्ज फिल इन करा किंवा फिल आउट करा, भरायचा तोच. 'पुट अप विथ'मध्ये 'अप' का, याचं उत्तर देणारा भाग माझ्या पानावर नाही. तिथे मी अडून बसले नाही.

मधल्या शब्दाची वही झाल्यावर शेवटच्या शब्दाची केली, आणि खरं सांगायचं तर मला अधिक आनंद या दुसऱ्या वहीने दिला. इथे आपली शब्दयोगी अव्ययं आणि विभक्ती थेट मदतीला येतात. मराठीत 'मन' या एका शब्दाचं बघा. मनावर घेणं वेगळं, मनाला लावून घेणं वेगळं, मनात आणणं वेगळं. 'तिने मनावर घेतलं' म्हटलं की ती कामाला लागली असं समजतं, 'तिने मनाला लावून घेतलं' म्हटलं की ती दुखावली असं समजतं. अंगावर येणं आणि अंगाशी येणं यांतही '-वर' आणि '-शी' यांनीच अर्थ फिरवलाय. हा कान आपल्याला आहे. तो इंग्रजीकडे वळवायचा होता.

'ऑन'चं पान असं झालं: चेक अप ऑन, लुक डाऊन ऑन, वॉक आउट ऑन, ड्रॉप इन ऑन, गिव्ह अप ऑन. या बऱ्याच जागी ज्याच्यावर ते येऊन पडतं तो माणूस 'ऑन'पुढे असतो. चेक अप ऑन हिम, त्याच्यावर लक्ष ठेवणं. वॉक आउट ऑन हर, तिला सोडून निघून जाणं, म्हणजे तिच्यावर ती वेळ आणणं. 'गिव्ह अप' आणि 'गिव्ह अप ऑन' यांतला फरकही इथेच कळला. गिव्ह अप म्हणजे प्रयत्न सोडणं, गिव्ह अप ऑन समवन म्हणजे एखाद्या माणसाकडून काही होईल ही आशा सोडणं. दुसरं ऐकायला कितीतरी कठोर आहे. 'टू'च्या पानावर लुक अप टू, फेस अप टू, ओन अप टू, लिव्ह अप टू. 'लुक अप टू' म्हणजे आदराने बघणं आणि 'लुक डाऊन ऑन' म्हणजे तुच्छ लेखणं. अप-डाऊन बदलले तसे टू-ऑनही बदलले, आणि ते बरोबरच आहे. वर बघताना नजर कुणाकडे तरी जाते, खाली बघताना ती कुणावर तरी पडते.

'कॅच अप'पुढे तर दोन वेगवेगळे शब्द दोन वेगळी नाती दाखवतात. कॅच अप विथ माणसाशी, कॅच अप ऑन राहिलेल्या कामाशी. 'कम अप'पुढे 'विथ' आला तर कल्पना सुचते, 'अगेन्स्ट' आला तर अडचण आडवी येते. 'मेक अप'पुढे 'फॉर' आला की वाया गेलेल्याची भरपाई होते, 'विथ' आला की भांडलेली माणसं पुन्हा बोलू लागतात.

इथे लिपीबद्दल एक गोष्ट सांगायलाच हवी. आपण देवनागरीत 'दूर, वेगळं' या अर्थाचा ऑफ आणि 'चा-ची-चे' या अर्थाचा ऑफ दोन्ही एकसारखे लिहितो. वाचताना ते चालून जातं, पण ऐकताना घात होतो, कारण दुसऱ्याच्या शेवटी 'फ' नाही, 'व्ह' आहे. मी वहीत दुसरा 'ऑव्ह' लिहायला लागले आणि माझ्या कानालाही ते वळण पडलं. 'आउट ऑफ' असं मनात धरून बसलेल्या माणसाला बोलण्यातला 'आउटव्' ऐकूच येत नाही.

ऐकण्याचा दुसरा धडा आघाताचा होता. क्रियापदाच्या घरचा शब्द जोर देऊन बोलला जातो, नामाच्या घरचा बहुधा दबून जातो. 'टर्न इट ऑन' म्हणताना 'ऑन' ठसठशीत येतो. 'इट डिपेंड्स ऑन द वेदर' म्हणताना तोच 'ऑन' पुसट होतो. 'आय कॅन्ट पुट अप विथ इट'मध्ये 'अप'वर जोर आणि 'विथ इट' भरकन निघून जातं. मी ध्वनिमुद्रणं पुन्हा पुन्हा लावून नुसते हे जोर मोजायची, अर्थाकडे न बघता. काही आठवड्यांनी असं झालं की ओळखीचं नसलेलं क्रियापद कानावर पडलं तरी कुठला शब्द त्याचा आणि कुठला पुढच्या नामाचा, हे आवाजावरून कळू लागलं. नाम झालं की जोर आधीच्या शब्दावर सरकतो, तेही तेव्हाच ध्यानात आलं: गाडी ब्रेक डाऊन होते तेव्हा जोर 'डाऊन'वर, आणि 'अ ब्रेकडाऊन' म्हटलं की जोर 'ब्रेक'वर.

लिहिताना जोर ऐकू येत नाही, तिथे जागेची कसोटी उपयोगी पडते. 'टर्न ऑफ द लाइट' आणि 'टर्न द लाइट ऑफ' दोन्ही चालतात, पण सर्वनाम आलं की ते मध्येच बसवावं लागतं: 'टर्न इट ऑफ'. 'लुक आफ्टर हिम'मध्ये मात्र 'हिम' मध्ये घालता येत नाही, कारण 'आफ्टर' नामाच्या घरचा. ही कसोटी पटवणारी जोडी मला फार आवडते: 'रॅन अप अ हिल' आणि 'रॅन अप अ बिल'. टेकडी चढत धावला, आणि बिल वाढवून बसला. एकच अक्षर बदललंय. पण 'रॅन द बिल अप' म्हणता येतं आणि 'रॅन द हिल अप' म्हणता येत नाही. टेकडीच्या वाक्यात 'अप' टेकडीचा आहे, बिलाच्या वाक्यात तो धावण्याचा आहे.

तीन शब्दांच्या क्रियापदांत नाम सहसा शेवटीच येतं. त्यामुळे प्रश्न विचारताना किंवा 'जे, जो' अशी रचना करताना वाक्याचा शेवट त्या छोट्या शब्दांवर होतो: 'अ नॉइज आय कॅन्ट पुट अप विथ'. शाळेत मला सांगितलं होतं की वाक्य प्रीपोझिशनवर संपवू नये. इंग्रज कवी जॉन ड्रायडनने १६७२ साली नाटककार बेन जॉन्सनच्या लेखनातल्या अशा शेवटांना दोष दिला होता, आणि नंतर तो नियम व्याकरणाच्या पुस्तकांतून पिढ्यान्‌पिढ्या फिरला. पण 'अप विथ' या जोडीला क्रियापदापासून उचलून वाक्याच्या पुढे ठेवून बघा, वाक्य लगेच अवघडतं. हा नियम मी सोडून दिला आणि माझं इंग्रजी त्यामुळे बिघडलं नाही, सुधारलं.

ही अडचण परक्यांना होते हे इंग्रजांनाही केव्हाच ठाऊक होतं. सॅम्युएल जॉन्सनने १७५५ साली आपल्या शब्दकोशाच्या प्रस्तावनेत लिहिलंय की क्रियापदाला एखादा छोटा शब्द जोडून अर्थ बदलण्याची ही रीत परकीयांना सगळ्यात जास्त जड जाते. त्याने असे प्रयोग फार काळजीने गोळा केले आणि संग्रह पूर्ण झाल्याचा दावा मात्र केला नाही. 'फ्रेजल व्हर्ब' हे नाव रूढ झालं ते पुष्कळ नंतर, लोगन पिअरसॉल स्मिथ याच्या १९२५ सालच्या पुस्तकामुळे. ते नाव आपल्याला ऑक्सफर्ड कोशाचा संपादक हेन्री ब्रॅडली याने सुचवलं, असं त्याने स्वतः नोंदवलंय. भाषाकुळातल्या नात्यातही हे दिसतं. जर्मनमध्ये सोडून देण्याला 'आउफगेबेन' म्हणतात. 'गेबेन' म्हणजे देणं, 'आउफ' म्हणजे वर. गिव्ह अप, अगदी तोच. वाक्यात तिथलाही 'आउफ' सुटा होऊन शेवटी जाऊन बसतो.

रोजच्या कामात या सगळ्याचा उपयोग कुठे होतो म्हणाल तर 'लॉग इन टू'मध्ये. हे दोन शब्द लिहायचे की तीन, यावर आमच्याकडे सूचनापत्रकं तयार करताना नेहमी गोंधळ व्हायचा. आता मी विचारते, 'इन' कुणाचा? लॉगचा. 'टू' कुणाचा? पुढच्या खात्याचा. मग 'इन' आणि 'टू' वेगळे लिहायचे. 'टर्न इन्टू' मात्र एकत्र, कारण तिथे रूपांतर होणं हा सबंध 'इन्टू'चा अर्थ आहे. 'ही टर्न्ड हिमसेल्फ इन टू द पोलीस' म्हणजे तो स्वतःहून पोलिसांकडे हजर झाला. मधली जागा गाळली तर त्याचेच पोलीस झाले. 'लॉगिन' हा एक शब्द फक्त नाम असताना, आणि 'लॉग आउट'पुढे 'ऑव्ह'. एकदा घर ओळखलं की हे पाठ करावं लागत नाही.

ज्या वाक्याने मला सगळ्यात जास्त दिलं ते कुठल्या पुस्तकातलं नाही. एका कामाच्या गडबडीत मी, दुसऱ्याच कुणाचा राग मनात असताना, एका सहकारिणीला तोडून बोलले. ती शांतपणे म्हणाली, "प्लीज डोन्ट टेक इट आउट ऑन मी." मला ते ऐकताक्षणी कळलं, मनात भाषांतर न करता कळलं. घरी गेल्यावर वहीत लिहिताना कारण सापडलं. टेक आउट म्हणजे काढणं. ऑन मी म्हणजे माझ्यावर. इट म्हणजे तो राग. 'तो माझ्यावर काढू नकोस.' आउटच्या पानावरचं 'काढणं' आणि ऑनच्या पानावरचं '-वर', दोन्ही एका वाक्यात आणि दोन्ही आपापल्या जागी. दुसऱ्या दिवशी मी तिची माफी मागितली.

सध्या 'थ्रू'चं पान चालू आहे. 'गो थ्रू' म्हणजे सोसणं, किंवा एखादा कागद नीट तपासून बघणं. त्याला 'विथ' जोडला की अर्थ होतो ठरवलेलं अवघड काम मागे न फिरता तडीस नेणं. काल त्या पानावर लिहिलं, 'शी वेंट थ्रू अ लॉट, बट शी वेंट थ्रू विथ इट.' तिने खूप सोसलं, पण तडीस नेलं. त्याच्या खालची ओळ 'फॉलो थ्रू'ची आहे. त्याच्यापुढे 'ऑन'ही येतो आणि 'विथ'ही, दोन्हींची वाक्यं गोळा करते आहे.